सत्कार झाला, रजा राहिली : म्हैसूरच्या बंदोबस्तातून दिसलेला वर्दीतला थकवा

म्हैसूर : 17 ऑक्टोबर 2020 रोजी चामुंडी टेकडीवर दसरा महोत्सवाचे उद्घाटन झाले, तेव्हा व्यासपीठावर नेहमीपेक्षा वेगळी माणसे होती. उद्घाटक होते हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सी. एन. मंजुनाथ. कोरोनाच्या साथीत राबलेल्यांचा प्रातिनिधिक सत्कार त्याच सोहळ्यात करण्यात आला. डॉक्टर, परिचारिका आणि आशा कार्यकर्ती यांच्यासोबत एका पोलीस शिपायालाही तो मान मिळाला. नऊ दिवसांनी, 26 ऑक्टोबरला, जंबो सवारी राजवाड्याच्या आवारातच निघाली. साडेसातशे किलोंची सुवर्णअंबारी अभिमन्यू हत्तीने प्रथमच वाहिली आणि ती पाहण्यास मोजके निमंत्रित तेवढे उपस्थित होते. एरवी लाखोंची गर्दी आवरण्यासाठी लागणारा बंदोबस्त त्या वर्षी गर्दी जमूच नये यासाठी लावावा लागला. पोलिसांचे काम त्यामुळे हलके झाले नाही, त्याची दिशा तेवढी बदलली.

तो सत्कार मनापासून केलेला होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या वर्षी देशभर पोलिसांवर जी पुष्पवृष्टी झाली, ज्या टाळ्या वाजल्या, त्यांच्या पलीकडे एक साधा प्रश्न राहून गेला. या माणसांना सुट्टी कधी मिळाली? साथ ओसरून काही वर्षे लोटल्यानंतरही या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. पुढील आरोग्यसंकट कोणत्या स्वरूपात येईल हे कोणासही ठाऊक नसले, तरी त्या वेळी नाक्यावर कोण उभा असेल हे मात्र सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच म्हैसूरचा अनुभव पुन्हा तपासून पाहणे आवश्यक ठरते.

22 मार्च 2020 रोजी केंद्राने ज्या 75 जिल्ह्यांत निर्बंध लागू करण्यास सांगितले, त्यांत म्हैसूरचा समावेश होता. चारच दिवसांनी, 26 मार्चला, नंजनगूड येथील ज्युबिलंट जेनेरिक्स या औषधनिर्मिती कंपनीतील एक कर्मचारी बाधित आढळला. नंजनगूड हे म्हैसूरपासून तासाभराच्याही आतले, कपिला नदीकाठचे, श्रीकंठेश्वराच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव. पाहता पाहता ते दक्षिण कर्नाटकातील साथीचे केंद्र बनले. कंपनीच्या हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना विलगीकरणात ठेवण्यात आले. हे कर्मचारी एका वसाहतीत राहणारे नव्हते. ते म्हैसूर शहरात, नंजनगूडात आणि आसपासच्या खेड्यांत विखुरलेले होते. प्रत्येकाचे घर शोधणे, दारावर सूचना लावणे, तो घरातच आहे ना हे दिवसाआड पाहून येणे, त्याच्या संपर्कात कोण आले याची यादी करण्यास आरोग्य खात्यास मदत करणे, ही सारी कामे पोलीस ठाण्यांवर येऊन पडली. एप्रिलमध्ये रुग्णसंख्येत म्हैसूर जिल्हा राज्यात बंगळुरूखालोखाल होता. मेच्या मध्यास सुमारे 90 रुग्ण बरे होऊन घरी परतले आणि जिल्हा काही काळ रुग्णमुक्त झाला.

प्रशासनाच्या दृष्टीने ही उल्लेखनीय कामगिरी होती. पोलिसांच्या दृष्टीने ती एका लांबलचक पाळीची केवळ सुरुवात होती, कारण टाळेबंदी शिथिल होताच परराज्यांतून माणसे येऊ लागली आणि रुग्णांचा आलेख पुन्हा चढू लागला.

साथीच्या काळातील पोलिसाचे काम नेहमीच्या कामाहून कोणत्या बाबतीत निराळे होते, हे समजून घेतले पाहिजे. दंगल असो वा निवडणूक, सणाचा बंदोबस्त असो वा मंत्र्यांचा दौरा, त्याला आरंभ असतो तसा शेवटही असतो. तीन रात्री जागाव्या लागल्या तरी चौथ्या दिवशी घरी जाता येईल, हे शिपायाला माहीत असते. साथीला असा शेवट नव्हता. शिवाय एरवी धोका नाक्यावर असतो आणि घर सुरक्षित असते. येथे घरी जाणे हाच धोका होता. वृद्ध आई-वडील आणि लहान मुले यांच्यात परतताना आपणच रोग घेऊन जात आहोत की काय, ही शंका प्रत्येक पावलागणिक होती. अनेक पोलिसांनी आठवडेच्या आठवडे वेगळ्या खोलीत, नातलगांच्या रिकाम्या घरात किंवा ठाण्यातच मुक्काम केला. ज्या घरात शीण उतरायचा, त्याच घराचा उंबरठा परका झाला.

मराठीत शीण हा शब्द नेमका आहे. शीण झोपेने उतरतो. ज्याला आता सर्वत्र बर्नआउट म्हटले जाते, तो झोपेने न उतरणारा थकवा होय. 1974 मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी या अवस्थेचे वर्णन केले आणि पुढे ख्रिस्तिना मॅस्लाक यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2019 मध्ये, म्हणजे साथ येण्याच्या काही महिनेच आधी, रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात तिची व्याख्या नोंदवली. संघटनेने तिला आजार म्हटलेले नाही, कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था म्हटले आहे. शक्ती पार आटून जाणे, कामाविषयी तुटकपणा व कडवटपणा वाटू लागणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना बळावणे, ही तिची तीन लक्षणे. ही व्याख्या महत्त्वाची अशासाठी की, ती दोष माणसाच्या मनोबलावर टाकत नाही, कामाच्या रचनेकडे बोट दाखवते. पोलीस दलांत मात्र आजही थकव्याची चर्चा बहुधा मनोबल, योगासने आणि तणावमुक्तीच्या व्याख्यानांपर्यंतच येऊन थांबते. योगासने उपयुक्त आहेतच, परंतु ती करण्यासाठी पहाटे अर्धा तास मोकळा लागतो!

या ताणाची सर्वांत वेदनादायक नोंद म्हैसूर जिल्ह्यात झाली ती पोलीस खात्यात नव्हे, तर त्याच्याच खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या आरोग्य खात्यात. 20 ऑगस्ट 2020 रोजी नंजनगूडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याने आत्महत्या केली. मार्चपासून साथीचा पहिला तडाखा झेलणाऱ्या तालुक्याचा हा अधिकारी होता. कामाचा असह्य ताण, रजेचा अभाव आणि चाचण्यांची लक्ष्ये गाठण्यासाठी वरून येणारा दबाव याला कारणीभूत असल्याचा आरोप कुटुंबीयांनी व सहकारी डॉक्टरांनी केला. जिल्ह्यातील शासकीय डॉक्टरांनी आंदोलन केले. राज्य सरकारने चौकशीचे आदेश दिले आणि कुटुंबाला 50 लाख रुपयांची मदत जाहीर केली. कोणत्याही आत्महत्येचे कारण एकच असते असे मानणे अशास्त्रीय ठरेल. परंतु त्या आंदोलनामुळे एक गोष्ट घडली. डॉक्टर रस्त्यावर आले, त्यांच्या संघटनेने निवेदने दिली आणि थकवा हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. पोलिसाला हा मार्ग उपलब्ध नव्हता, आणि आजही नाही.

संविधानाच्या अनुच्छेद 33 नुसार सशस्त्र दले व सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. त्याच आधारे 1966 चा पोलीस दल (हक्कांवरील निर्बंध) कायदा झाला. शासनाच्या संमतीवाचून कामगार संघटना स्थापन करण्यास किंवा तिचे सदस्य होण्यास तो पोलिसांना प्रतिबंध करतो. त्यामागील कारण समजण्याजोगे आहे. शस्त्रधारी दलाने संप पुकारला तर राज्यव्यवस्थेचा आधारच डळमळेल. मात्र जेथे संपाची मुभा नसते, तेथे गाऱ्हाणे ऐकण्याची दुसरी वाट अधिक रुंद असावी लागते. ती अरुंद राहिली तर काय होते, याचा अनुभव कर्नाटकाने साथीच्या चार वर्षे आधीच घेतला होता. 4 जून 2016 रोजी राज्यातील हजारो पोलीस सामूहिक रजेवर जाणार, अशी हाक देण्यात आली होती. अपुरे वेतन, न मिळणारी रजा, कामाचे अमर्याद तास आणि वरिष्ठांच्या घरची कामे करवून घेणारी ऑर्डर्ली पद्धत या तिच्यामागच्या तक्रारी होत्या. सरकारने कठोर पावले उचलली, पुढाकार घेणाऱ्यांवर कारवाई झाली आणि तो दिवस शांततेत पार पडला. त्यानंतर ज्येष्ठ पोलीस अधिकारी राघवेंद्र औरादकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वेतन व सेवाशर्तींबाबत शिफारशी केल्या आणि 2019 मध्ये वेतनवाढ लागू झाली. वेतनाचा प्रश्न अंशतः सुटला, तासांचा तसाच राहिला. मार्च 2020 मध्ये नाक्यावर उभे राहिलेले हेच ते दल होते.

तासांचा प्रश्न केवळ कर्नाटकाचा नाही. पोलीस संशोधन व विकास विभागासाठी 2014 मध्ये झालेल्या देशव्यापी अभ्यासात, पोलीस ठाण्यांतील सुमारे 90 टक्के कर्मचारी दररोज आठ तासांपेक्षा अधिक काम करतात असे आढळले होते. आठ तासांची पाळी खरोखर लागू करावयाची तर ठाण्यांतील मंजूर मनुष्यबळ 1.68 पट करावे लागेल, असा त्या अभ्यासाचा हिशेब होता. त्यानंतर पाच वर्षांनी, 2019 मध्ये, कॉमन कॉज व लोकनीती यांच्या पोलीसस्थितीविषयक अहवालाने कामाची सरासरी दिवसाला 14 तास असल्याचे नोंदवले. आणि प्रत्यक्ष भरती? 1 जानेवारी 2020 रोजी देशातील राज्य पोलीस दलांत 26 लाख 23 हजारांहून अधिक पदे मंजूर होती. त्यांपैकी 5 लाख 31 हजारांहून अधिक रिक्त होती. म्हणजे मंजूर मनुष्यबळ मुळातच अपुरे, आणि त्यातही प्रत्येक पाचवी जागा रिकामी. या अवस्थेत साथ आली. जे दल सामान्य दिवसांतच 14 तास राबत होते, त्याच्याकडे असामान्य दिवसांसाठी राखून ठेवलेले काहीच नव्हते. कोरोनाने पोलिसांना थकवले, असे म्हणण्यापेक्षा थकलेल्या पोलिसांना कोरोनाने गाठले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

महाराष्ट्रातील वाचकांना हे चित्र अपरिचित नाही. म्हैसूरपेक्षा कितीतरी पटींनी मोठ्या प्रमाणावर ते मुंबई, मालेगाव आणि पुण्यात घडले. एप्रिल 2020 च्या अखेरीस मुंबईत लागोपाठ पोलिसांचे मृत्यू झाल्यानंतर 55 वर्षांवरील कर्मचाऱ्यांना घरी थांबण्याची मुभा देण्यात आली. व्याधिग्रस्तांसाठी ही मर्यादा 52 वर्षांवर आणण्यात आली. निर्णय मानवी होता आणि योग्यही होता. परंतु अनुभवी हवालदार व सहायक उपनिरीक्षक घरी बसल्याने उरलेल्यांच्या पाळ्या लांबल्या, हा त्याचा अटळ परिणाम होता. हिंगोली व जालना येथील राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांची कथा तर अधिक बोलकी आहे. मालेगाव व मुंबईतील बंदोबस्त आटोपून परतलेले हे जवान आपल्या गटाच्या मुख्यालयी तपासणीत बाधित आढळले. तोवर जेथे साथ जेमतेम पोहोचली होती, त्या हिंगोलीच्या रुग्णसंख्येत मोठा वाटा या जवानांचाच होता. विश्रांतीसाठी परतणाऱ्या तुकडीला विश्रांतीऐवजी विलगीकरण मिळाले.

मे 2020 मध्ये राज्य सरकारने केंद्राकडे सशस्त्र पोलीस दलांच्या 20 तुकड्या मागितल्या. त्या मागणीमागे तत्कालीन गृहमंत्र्यांनी दिलेले कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. राज्यातील पोलिसांना थोडी उसंत मिळावी, असे ते कारण होते. विश्रांती ही सुरक्षाव्यवस्थेची गरज आहे, हे एखाद्या राज्याने इतक्या उघडपणे मान्य करण्याचे प्रसंग विरळाच. वर्ष संपेपर्यंत महाराष्ट्र पोलीस दलातील बाधितांचा आकडा 25 हजारांपलीकडे आणि मृतांचा अडीचशेपलीकडे गेला होता. दलाची एकूण संख्या दोन लाखांच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. मृतांच्या कुटुंबीयांना 50 लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान देण्याचा निर्णय झाला. जिवंत राहिलेल्यांना किती दिवसांची रजा द्यावी, याविषयी तशी ठळक घोषणा झाल्याचे कोणाच्या स्मरणात नसेल.

रोगराई रोखण्यासाठी वर्दी पुढे करण्याची सवय या देशात जुनी आहे आणि तिचा उगम मराठी मुलुखातच आहे. मार्च 2020 मध्ये राज्यांनी ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो 1897 चा. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या पार्श्वभूमीवर तो आणला गेला. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या नेतृत्वाखालील प्लेग समितीने घरझडतीसाठी डरहॅम लाइट इन्फंट्रीचे गोरे सैनिक वापरले. त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी केलेल्या रँडच्या वधात झाली, हा इतिहास सर्वज्ञात आहे. पुढच्याच वर्षी प्लेग म्हैसूर संस्थानात पोहोचला आणि श्रीरंगपट्टणजवळील गंजाम येथे प्लेगप्रतिबंधक उपायांविरुद्ध दंगल उसळली. परकीय सत्तेचा तो सैनिक आणि स्वतंत्र भारताचा शिपाई यांची बरोबरी कोणी करू नये. परंतु कायद्याची घडण तीच राहिली. त्यात अधिकाऱ्यांचे अधिकार आहेत, नागरिकांना शिक्षा आहे, सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षणही आहे. आदेश राबवणारा माणूस किती तास राबेल, त्याला बदली कोण देईल, याविषयी मात्र अवाक्षर नाही.

थकलेल्या यंत्रणेचा फटका अखेर नागरिकालाच बसतो, हा या विषयाचा सर्वांत गंभीर भाग आहे. बर्नआउटचे दुसरे लक्षण, म्हणजे तुटकपणा व कडवटपणा, वर्दीतल्या माणसात उतरते तेव्हा ते काठीच्या रूपाने दिसते. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत औषध आणण्यास निघालेल्यांनाही उठाबशा काढायला लावल्याची दृश्ये देशभर पसरली. 19 जून 2020 रोजी तमिळनाडूतील साथानकुलम येथे दुकान ठरलेल्या वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या कारणावरून ताब्यात घेतलेल्या पिता-पुत्राचा काही दिवसांतच मृत्यू झाला आणि पोलीस कोठडीतील अत्याचाराचा प्रश्न देशासमोर आला. अशा क्रौर्याला थकव्याची सबब देणे अक्षम्य आहे. लाखो पोलीस तितकेच थकलेले होते आणि त्यांनी कोणाचा जीव घेतला नाही. तरीही सलग महिनोन्महिने अपुऱ्या झोपेवर लोकांशी हुज्जत घालणाऱ्या दलात संयमाची पातळी खालावते, हे नाकारण्यात अर्थ नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. 12 एप्रिल 2020 रोजी पतियाळात संचारबंदीचा पास मागितला म्हणून एका सहायक उपनिरीक्षकाचा हात तलवारीने तोडण्यात आला. म्हैसूरमध्ये 22 मार्च 2021 रोजी, जनता संचारबंदीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, हिनकलजवळील वळणरस्त्यावर वाहनतपासणीच्या वेळी दुचाकीवरील एकाचा अपघाती मृत्यू झाला आणि संतप्त जमावाने वाहतूक पोलिसांना बेदम मारहाण केली. त्या घटनेचा साथीच्या नियमांशी थेट संबंध नव्हता. वर्षभरापूर्वी टाळ्या वाजवणारे शहर आणि पोलीस यांच्यातील धागा किती ताणला गेला होता, हे मात्र तिने दाखवले.

लष्कराची स्थिती काही अंशी वेगळी होती आणि त्या वेगळेपणात शिकण्यासारखे बरेच आहे. सैन्यावरही साथीचा भार पडला. फेब्रुवारी 2020 पासूनच मानेसर येथे लष्कराने विलगीकरण केंद्र चालवले, नौदलाच्या समुद्रसेतू मोहिमेने परदेशी अडकलेल्या जवळपास चार हजार भारतीयांना मायदेशी आणले, आणि 2021 च्या दुसऱ्या लाटेत सैन्यदलांचे निवृत्त डॉक्टरही पुन्हा कामावर बोलावले गेले. मुंबईत आयएनएस आंग्रे या नौदल तळावर एप्रिल 2020 मध्येच वीसहून अधिक नौसैनिक बाधित झाले होते. टाळेबंदीमुळे रजेवरचे जवान गावी अडकले, तर सीमेवरचे जवान रजेविना राहिले. प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना उत्तर व ईशान्य सीमांकडे नेण्यासाठी एप्रिलच्या मध्यास बंगळुरूहून खास लष्करी गाड्या सोडाव्या लागल्या. त्यांतील जम्मूकडची गाडी बेळगावमार्गे गेली. जूनमध्ये गलवानचा संघर्ष झाला आणि रजेचा प्रश्न आणखी मागे पडला.

तथापि सैन्यात विश्रांती ही व्यवस्थेतच विणलेली असते. खडतर ठाण्यावरील पलटण ठरावीक काळानंतर शांत ठाण्यावर येते. जवानाला वर्षाकाठी 60 दिवसांची वार्षिक रजा असते आणि ती देणे ही कमांडरची जबाबदारी मानली जाते. पोलीस ठाण्याला मात्र शांत ठाणे नसते. नंजनगूडचा शिपाई नंजनगूडातच राहतो, साथ गेली की त्याच्यापुढे दसऱ्याचा बंदोबस्त असतो, तो संपला की निवडणूक. या दोहोंच्या मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आहेत, आणि तेथील चित्र चिंताजनक आहे. 2018 ते 2022 या पाच वर्षांत या दलांतील 654 जवानांनी आत्महत्या केल्याची आणि 50 हजारांहून अधिक जवानांनी सेवा सोडल्याची माहिती 2023 मध्ये संसदेसमोर आली. जवानाला वर्षातील 100 दिवस कुटुंबासोबत घालवता यावेत, असे उद्दिष्ट गृहमंत्रालयाने त्याआधीच जाहीर केले होते.

मानसिक आरोग्याच्या सेवेबाबत काही प्रगती निश्चितच झाली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने टाळेबंदीच्या आरंभीच दूरध्वनीवरून समुपदेशन सुरू केले. त्या अनुभवातून पुढे 10 ऑक्टोबर 2022 रोजी टेलिमानस ही राष्ट्रीय सेवा आकाराला आली. 14416 या क्रमांकावर ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत, चोवीस तास व विनामूल्य उपलब्ध आहे, आणि मन खचलेल्या कोणालाही, वर्दीतल्याला वा बिनवर्दीच्याला, तेथे बोलता येते. 1 डिसेंबर 2023 रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. सैनिकाची भाषा, त्याची भीती आणि बढतीवर परिणाम होण्याची त्याची धास्ती समजणारा समुपदेशक वेगळा असावा लागतो, हे त्यात मान्य झाले आहे. पोलिसाची धास्तीही तशीच आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याचे ठाण्यात कळले तर पिस्तूल काढून घेतील, चेष्टा होईल, नेमणूक बदलेल, या भीतीने अनेक जण दारू जवळ करतात, डॉक्टर नव्हे. परंतु समुपदेशन हे रजेला पर्याय नव्हे. चौदा तासांच्या पाळीनंतर केलेला दूरध्वनी त्या पाळीचे तास कमी करीत नाही.

तास कमी करता येतात, याचा पुरावा मात्र महाराष्ट्रातच आहे. मे 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा मांडला होता त्याच ठाण्यातील एका शिपायाने, आणि तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. मनुष्यबळ न वाढवता, विनाकारण अडकून पडलेली माणसे मोकळी करून आणि पाळ्यांची फेरमांडणी करून हे साधण्यात आले. पुढे हा प्रयोग शहरातील अन्य ठाण्यांतही नेण्यात आला. साथीने ती घडी विस्कटली. सप्टेंबर 2021 मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांसाठी बाराऐवजी आठ तासांची पाळी जाहीर केली, ती नागपूर व अमरावती येथील अनुभवाच्या आधारे. दोन्ही प्रयोगांचे मोल मोठे आहे. त्यांची दुबळी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. ते आदेशावर उभे आहेत, कायद्यावर नाहीत. अधिकारी बदलला की पाळी बदलते. 2006 च्या आदर्श पोलीस अधिनियमाच्या मसुद्याने सामान्य परिस्थितीत आठ तासांची मर्यादा सुचवली होती. पोलीस हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने ती स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर राहिले आणि आणीबाणीचा अपवाद मात्र सर्वत्र नियम होऊन बसला.

दुसऱ्या लाटेत म्हैसूर पुन्हा राज्यातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत गेला. पहिल्या लाटेत राबलेल्या माणसांनीच ती झेलली. ताण तळापुरता मर्यादित राहिला नाही. 3 जून 2021 रोजी महापालिका आयुक्त शिल्पा नाग यांनी छळाचा आरोप करीत राजीनामा जाहीर केला आणि जिल्हाधिकारी रोहिणी सिंधुरी यांच्याशी असलेला त्यांचा संघर्ष चव्हाट्यावर आला. काही दिवसांतच दोघींची बदली झाली. त्या वादात कोणाचे बरोबर होते हा येथे मुद्दा नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याला निदान पत्रकार परिषद घेता येते आणि बदलीही मिळते. बेळगाव-कोल्हापूर सीमेवरील कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक वाहनात चाचणीचा दाखला तपासणाऱ्या शिपायाला यांपैकी काहीच मिळत नव्हते. प्रवासी त्याच्यावर मराठीत चिडत होते, तो कन्नडमध्ये समजावत होता, आणि दाखला मागण्याचा निर्णय दोघांपैकी कोणाचाच नव्हता.

कोगनोळीसारखाच एक नाका म्हैसूर जिल्ह्यात हेग्गडदेवनकोटे तालुक्यात आहे. नागरहोळेच्या जंगलातून केरळच्या मानंतवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बावली. रात्री जंगलातली वाहतूक बंद असते आणि दिवसभर दोन्ही राज्यांची वाहने येथून जातात. 2021 मध्ये केरळमधून येणाऱ्यांचे दाखले येथे पोलीस व आरोग्य कर्मचारी तपासत होते. सप्टेंबर 2023 मध्ये कोळिकोड जिल्ह्यात निपाहचे रुग्ण आढळले, तेव्हा कर्नाटकाच्या आरोग्य विभागाने कोडगू, दक्षिण कन्नड, चामराजनगर आणि म्हैसूर या सीमावर्ती जिल्ह्यांना सतर्कतेचे परिपत्रक पाठवले आणि प्रवेशद्वारांवर पाहणी करण्यास सांगितले. त्यानंतर केरळात निपाह पुन्हा आढळला आणि सीमेवर पुन्हा सतर्कता आली. परिपत्रकात तापाची लक्षणे होती, नमुने कोठे पाठवावेत हे होते, कोणत्या अधिकाऱ्याने अहवाल द्यावा हेही होते. नाक्यावरील पाळी किती तासांची असावी आणि ती बदलण्यास माणूस कोठून येईल, हे ठरवण्याचे काम नेहमीप्रमाणे स्थानिक पोलीस ठाण्यावर राहिले.